घरचा संगणक अद्ययावत आणि विषाणूमुक्त कसा ठेवावा

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘अपडेट पूर्ण करण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करा’ अशी सूचना येते, आपण नेमके काहीतरी महत्त्वाचे लिहीत असतो, आणि ‘नंतर’वर टिचकी मारून मोकळे होतो. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. घरच्या संगणकाला सर्वांत मोठा धोका या ‘नंतर’मुळे निर्माण होतो, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच या लेखात अँटिव्हायरसच्या आधी अपडेटविषयी लिहिले आहे.

यामागचे कारण एकदा समजले की पुढच्या पायऱ्या पाठ करण्याची गरज उरत नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती उपलब्ध करून दिली. त्यानंतर ५९ दिवसांनी, म्हणजे १२ मे रोजी, नेमक्या त्याच त्रुटीतून शिरणारा ‘वॉनाक्राय’ हा विषाणू दीडशेहून अधिक देशांत पसरला. तो संगणकातील फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागत असे. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या, आणि आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक त्याच्या तावडीत सापडले. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज सेव्हनचे होते, आणि विंडोज सेव्हनसाठी ती दुरुस्ती मार्चपासून तयार होती. ती फक्त बसवायची राहिली होती. पुढे २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने इतर मार्गांबरोबर याच त्रुटीचाही उपयोग केला, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले.

दुरुस्ती जाहीर होते त्या दिवशी त्रुटीही एका अर्थाने जाहीर होते. जुनी फाइल आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी ठेवून नेमके काय बदलले हे पाहिले, की जाणकार हल्लेखोराला आधी कुठे फट होती ते कळते. त्यामुळे अपडेट निघाल्यानंतर तुमचा जुना संगणक आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतो, कारण आता त्याची नेमकी उणीव सर्वांना ठाऊक झालेली असते. हे लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचाव्यात. बहुतेक घरांत विंडोजच असल्याने हा लेख विंडोजपुरता आहे, आणि पडद्यावर इंग्रजीत दिसणारी नावे मी देवनागरीत दिली आहेत.

आपली विंडोज कोणती, हे आधी पाहावे

कळफलकावर विंडोजची खूण असलेली कळ दाबून ठेवून ‘आर’ ही कळ दाबावी. डाव्या कोपऱ्यात एक लहान चौकट उघडते. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे सलग लिहून एंटर करावे. समोर येणाऱ्या खिडकीत विंडोज १० आहे की ११, आणि तिची कोणती आवृत्ती आहे, हे लिहिलेले असते. आवृत्तीचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा, कारण मदत मागताना पहिला प्रश्न तोच येतो.

विंडोज ११ असेल तर पुढच्या भागाकडे वळावे. विंडोज १० असेल तर मात्र थांबून विचार करावा लागेल. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केले आहेत. संगणक पूर्वीसारखाच चालतो, म्हणून काही बिघडलेले दिसत नाही. परंतु त्या तारखेनंतर सापडलेल्या त्रुटी आपोआप बुजत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची वाढीव योजना जाहीर केली. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर तिच्या नावनोंदणीचा दुवा दिसत असेल, तर नावनोंदणी अवश्य करावी. तिच्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. ही मुदतवाढ केवळ पुढची सोय करायला मिळालेला वेळ आहे, असेच समजावे.

पुढची सोय म्हणजे विंडोज ११. आपला संगणक तिच्यासाठी पात्र आहे का, हे मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत प्रोग्रामने कळते. साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा चिप लागते. ही चिप असूनही संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असू शकते, म्हणून ‘अपात्र’ असे उत्तर आल्याबरोबर नवा संगणक घ्यायला धावू नये; आधी एखाद्या जाणकाराकडून ते सेटिंग तपासून घ्यावे. संगणक खरोखरच अपात्र असेल आणि त्यावर मुख्यतः ब्राउझर, ईमेल आणि लिखाण एवढेच काम होत असेल, तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट या मोफत प्रणाली बसवून घेणे हा समंजस पर्याय आहे. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन तिथेही उत्तम होते.

इथे एक गोष्ट खास मराठी घरांसाठी सांगायला हवी. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या मराठी टंकांत (फॉन्टमध्ये) केलेल्या पत्रिका, स्मरणिका आणि पुस्तकांच्या फाइली उघडता याव्यात, म्हणून अनेकांनी विंडोज सेव्हनचा, कधीकधी एक्सपीचाही, संगणक जपून ठेवलेला असतो. तो जरूर ठेवावा, मात्र त्याला इंटरनेट जोडू नये आणि वायफायचा पासवर्डही त्यात साठवू नये.

अपडेटची सवय

‘स्टार्ट’ उघडून ‘सेटिंग्ज’मध्ये जावे. विंडोज ११ मध्ये डावीकडच्या यादीत शेवटी ‘विंडोज अपडेट’ असते. विंडोज १० मध्ये ते ‘अपडेट अँड सिक्युरिटी’च्या आत सापडते. तिथे ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबावे. जे सापडेल ते उतरवू द्यावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग हेच बटण पुन्हा दाबावे. बरेच दिवस राहून गेलेले अपडेट एका फेरीत संपत नाहीत. एक बसले की त्याच्यावर अवलंबून असलेले दुसरे दिसू लागते, म्हणून ‘यू आर अप टु डेट’ असे वाक्य येईपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्यात.

मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र, त्यामुळे भारतात ते साडेदहा-साडेअकराच्या सुमारास येतात. दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार दिनदर्शिकेवर गोल करून ठेवावा आणि त्या संध्याकाळी एकदा हे पान उघडावे. गॅसच्या सिलिंडरची तारीख जिथे लिहून ठेवतो तिथेच ही खूण केली, की विसरायला होत नाही.

अपडेट चालू असूनही ते पोहोचत नाही, असे काही प्रसंग आपल्या घरांत नेहमी घडतात. पहिला म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणे. डेटा वाचावा म्हणून त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण कुणीतरी करून ठेवलेली असते, आणि मग विंडोज मोठे अपडेट आपणहून उतरवत नाही. अशा घरांत महिन्यातून एकदा शेजाऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या वायफायवर लॅपटॉप नेऊन अपडेट करून आणावा. दुसरा प्रसंग म्हणजे डिस्क भरलेली असणे. तेव्हा ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, त्यातील ‘स्टोरेज’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’ इथून जागा मोकळी करता येते, मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ असेही नाव असते आणि त्यावर चुकून खूण केली तर तुम्ही उतरवून ठेवलेले सर्व कागद पुसले जातात. तिसरा प्रसंग विजेचा. अपडेट बसत असताना वीज गेली तर विंडोज बहुधा स्वतःला सावरते, पण प्रत्येक वेळी सावरेलच असे नाही. लॅपटॉप चार्जरला लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच अपडेट सुरू करावा. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस नसेल, तर ज्या दिवशी वीज बंद राहणार असल्याची सूचना आहे तो दिवस टाळावा.

‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. नुसते ‘शट डाउन’ केले तर विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवते, तर ‘रीस्टार्ट’मध्ये सर्व काही नव्याने उभे राहते. म्हणून संगणक रोज रात्री बंद केला जात असला, तरी आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करावा. बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ असा पर्याय दिसला तर तोच निवडावा. कामाच्या मध्येच संगणक पुन्हा सुरू होण्याची भीती वाटत असेल, तर ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘अॅक्टिव्ह अवर्स’मध्ये आपल्या कामाच्या वेळा भराव्यात. त्याच पानावर ‘इतर मायक्रोसॉफ्ट उत्पादनांचेही अपडेट घ्यावेत’ या अर्थाचे बटण आहे; वर्ड-एक्सेल वापरत असाल तर ते चालू करावे.

इतर प्रोग्राम

विंडोज अद्ययावत असली तरी तिच्यावर चालणारे प्रोग्राम जुने राहू शकतात. सर्वांत महत्त्वाचा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर, कारण बाहेरच्या जगाशी खरा संबंध त्याचाच येतो. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारून ‘हेल्प’मधील ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडावे. ते पान उघडताच तो स्वतः अपडेट शोधतो आणि मग ‘रीलाँच’ हे बटण दाखवतो. एज आणि फायरफॉक्समध्येही हीच रीत आहे. तिथेच ‘एक्स्टेन्शन्स’ची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक साधनांची, यादी पाहावी आणि जे आपण बसवल्याचे आठवत नाही ते काढून टाकावे.

काही प्रोग्राम आपणहून अपडेट होतच नाहीत. झिप, रार अशा दाबून लहान केलेल्या फाइली उघडणारा विनरार हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यातील त्रुटींचा हल्लेखोरांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये प्रत्यक्ष वापर केला, आणि दोन्ही वेळा नवी आवृत्ती ज्याची त्याने हाताने उतरवून बसवायची होती. विंडोज ११ स्वतःच अशा फाइली उघडते, म्हणून विनरार लागतच नसेल तर काढून टाकणे उत्तम. याउलट ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ असा संदेश कुठेही दिसला तर तो बनावटच समजावा, कारण फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस कायमचा बंद झाला आहे.

मराठी टंकलेखनासाठी अनोळखी संकेतस्थळांवरून काहीतरी उतरवणे हा विषाणू घरात येण्याचा आपल्याकडचा एक खास मार्ग आहे. त्याची आता मुळीच गरज नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून ‘मराठी फोनेटिक’ कळफलक विंडोजमध्येच आहे आणि इन्स्क्रिप्ट तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. ‘सेटिंग्ज’मधील भाषांच्या पानावर मराठी जोडली, की दोन्ही मिळतात.

‘क्रॅक’ केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेले, प्रोग्राम आणि विंडोज फुकटात सक्रिय करून देणारी साधने यांविषयी मला कठोरपणे सांगावेसे वाटते. अशा साधनाची पहिली अट बहुधा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते, आणि दार आपणच उघडून दिल्यावर मागून कोण शिरले हे कळायला मार्ग उरत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गुपचूप उचलून नेणारे विषाणू याच वाटेने मोठ्या प्रमाणावर येतात. लिखाणासाठी लिब्रेऑफिस आणि चित्रांसाठी गिंप हे प्रोग्राम पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर आहेत.

अँटिव्हायरस

अँटिव्हायरस या विषयाचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. पुण्यात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी, दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणू पाहून नव्वदच्या दशकात स्वतःचा अँटिव्हायरस लिहिला. तोच पुढे क्विक हील म्हणून देशभर पोहोचला. त्या काळी विंडोजमध्ये स्वतःचे असे संरक्षण नव्हते, त्यामुळे अँटिव्हायरस विकत घेणे अनिवार्यच होते. आज परिस्थिती वेगळी आहे. विंडोजबरोबर येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर साध्या घरगुती वापरासाठी पुरेसा आहे, असे माझे मत आहे. ज्यांना फोनवर मराठीत किंवा हिंदीत मदत हवी असते, किंवा मुलांच्या वापरावर बारीक लक्ष ठेवायचे असते, त्यांनी विकतचा अवश्य घ्यावा. मात्र एका वेळी एकच अँटिव्हायरस असावा. दोन असले की ते एकमेकांच्या कामात अडथळे आणतात आणि संगणक मंदावतो.

‘स्टार्ट’मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ असे लिहून ते उघडावे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’सह प्रत्येक चित्रावर हिरवी खूण दिसली पाहिजे. नव्या लॅपटॉपबरोबर अनेकदा एखादा विकतचा अँटिव्हायरस महिनाभरासाठी बसवून दिलेला असतो. मुदत संपल्यावर पैसे भरायचे नसतील, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘अॅप्स’मधून तो पूर्ण काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि डिफेंडर चालू झाल्याची खात्री करावी. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवून संरक्षण आहे असे मानणे फार धोक्याचे आहे.

‘क्विक स्कॅन’ रोजच्या संशयासाठी ठीक असतो, ‘फुल स्कॅन’ला काही तास लागू शकतात म्हणून तो सुट्टीच्या दिवशी लावावा. विषाणू आहे असे वाटते पण नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, अशा वेळी ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. तो संगणक पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण उभी राहण्याआधी सुमारे पंधरा मिनिटे तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेल्या विषाणूला लपायला जागा उरत नाही.

पेनड्राइव्ह

भाचीच्या प्रवेशाचे कागद छापायचे होते म्हणून ती घरातला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेली. परत आल्यावर म्हणाली, “मामा, सगळे फोल्डर आहेत, पण त्यांच्यावर बाण आलाय.” मी पाहिले तर ‘दहावी’, ‘फोटो’, ‘आजीचे रिपोर्ट’ ही सगळी नावे जागच्या जागी होती, फक्त प्रत्येकाच्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक वळलेला लहान बाण होता आणि प्रत्येकाचा आकार जेमतेम एक-दोन केबी दिसत होता. तो खरा फोल्डर नव्हता. हा विषाणू खरे फोल्डर दडवून ठेवतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडतो. त्यावर टिचकी मारली की आधी विषाणू चालू होतो आणि मग खरा फोल्डरही उघडून दाखवला जातो, त्यामुळे काही वावगे घडले आहे अशी शंकाही येत नाही.

असे दिसले तर एकाही फोल्डरवर दोनदा टिचकी मारू नये. ‘धिस पीसी’मध्ये पेनड्राइव्हच्या नावावर उजवी टिचकी मारून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ निवडावे आणि जे सापडेल ते काढून टाकू द्यावे. त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधील ‘शो’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करावे. एवढ्यानेही खरे फोल्डर दिसले नाहीत, तर तीन ठिपक्यांतील ‘ऑप्शन्स’ उघडून ‘व्ह्यू’ या पानावर ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’समोरची खूण काढावी. आता ते फिकट रंगात दिसू लागतात. त्यांतील फक्त कागदपत्रे आणि फोटो संगणकावर उतरवून घ्यावेत, पेनड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करावा, म्हणजे पूर्ण पुसावा, आणि काढलेली खूण पुन्हा जागेवर करावी. भाचीचे सगळे कागद मिळाले. तेव्हापासून आमच्याकडे दुकानासाठी एक वेगळा छोटा पेनड्राइव्ह आहे. त्यात फक्त छापायची फाइल टाकली जाते आणि घरी परतल्यावर तो फॉरमॅट केला जातो. दुकानदाराचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण दिवसाला कितीतरी लोकांचे पेनड्राइव्ह त्याच्या संगणकाला लागतात.

फसवून चालवून घेतले जाणारे विषाणू

हल्ली विषाणू बऱ्याचदा स्वतः शिरत नाही. तो तुमच्याच हाताने चालवून घेतला जातो. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवते, त्यामुळे ‘वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला ‘वीजबिल.पीडीएफ’ अशीच दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधील ‘शो’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय आजच चालू करावा. बिल, नोटीस किंवा निकाल म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट ‘ईएक्सई’, ‘एससीआर’, ‘जेएस’ किंवा ‘बीएटी’ असा असेल, तर ती न उघडता पुसावी. पासवर्ड घातलेली झिप फाइल आणि तिचा पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिलेला, हेही संशयाचे लक्षण आहे. तो पासवर्ड बहुधा अँटिव्हायरसला आत पाहता येऊ नये म्हणूनच घातलेला असतो.

दुसरी युक्ती अधिक धूर्त आहे. एखाद्या संकेतस्थळावर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते, आणि नेहमीप्रमाणे चित्रे निवडायला न लावता कळा दाबण्याच्या तीन सूचना देते: विंडोजची कळ आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. लेखाच्या सुरुवातीला आपण उघडली तीच ही लहान चौकट. त्या पानाने तुमच्या नकळत एक हुकूम कॉपी करून ठेवलेला असतो, तुम्ही तो स्वतःच्या हाताने तिथे चिकटवता आणि एंटर दाबून चालवता. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ माणूस ओळखण्यासाठी या चौकटीत काही चिकटवायला सांगत नाही. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना आणि ज्येष्ठांना, संगणकासमोर बसवून दाखवावी.

तिसरा प्रकार म्हणजे पडदाभर लाल सूचना, कर्कश आवाज आणि ‘मायक्रोसॉफ्टला ताबडतोब फोन करा’ असे सांगणारा क्रमांक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत फोन क्रमांक कधीच नसतो. हे केवळ ब्राउझरमध्ये उघडलेले एक पान असते. एस्केप कळ दाबून ठेवावी. तेवढ्याने जमले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करावे आणि ब्राउझर पुन्हा उघडल्यावर जुनी पाने परत आणू नयेत. त्या क्रमांकावर फोन करणाऱ्याला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर बसवायला सांगितले जाते. हे प्रोग्राम स्वतः वाईट नाहीत, पण त्यांच्यामुळे अनोळखी माणसाच्या हाती तुमचा संपूर्ण संगणक जातो.

याच संदर्भात आणखी एक छोटी पण परिणामकारक गोष्ट करावी. रोजच्या वापराचे खाते ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ नसावे. ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’मध्ये आधी एक नवे अॅडमिनिस्ट्रेटर खाते तयार करून त्याचा पासवर्ड लिहून ठेवावा, एकदा त्यातून आत जाऊन पाहावे आणि मग नेहमीचे खाते ‘स्टँडर्ड’ करावे. यानंतर कोणताही प्रोग्राम संगणकात खोलवर काही बदलू लागला की पासवर्ड विचारला जाईल, आणि आपण काय करत आहोत याचा विचार करायला तेवढी उसंत मिळेल.

बॅकअप

वरील सर्व करूनही एखादा दिवस वाईट निघू शकतो, आणि त्या दिवशी कामाला येतो तो फक्त बॅकअप. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा, हवे तर त्याच बुधवारी, तिच्यावर कागदपत्रे आणि फोटो उतरवावेत आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. काढून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण खंडणीखोर विषाणू जोडलेल्या सर्व डिस्क कुलूपबंद करतो. सर्वांत मोलाचे कागद गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवरही असावेत. पहिल्यात १५ जीबी आणि दुसऱ्यात ५ जीबी जागा मोफत मिळते. बॅकअप घेतल्यावर त्यातील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडता ठेवलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नये.

विषाणू शिरलाच तर

फाइलींची नावे अचानक बदलली, खंडणीची चिठ्ठी दिसली किंवा माऊसचा बाण आपोआप हलू लागला, तर प्रथम वायफाय बंद करावे आणि इंटरनेटची तार काढावी. पडद्याचा फोटो मोबाइलने काढून ठेवावा. खंडणी भरू नये. पैसे देऊनही फाइली परत मिळण्याची काहीही हमी नसते. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलिस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक खंडणीखोर विषाणूंच्या किल्ल्या मोफत मिळतात, म्हणून कुलूपबंद फाइली लगेच पुसू नयेत. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही विषाणू काढण्याची मोफत साधने आहेत.

ईमेल आणि बँकेचे पासवर्ड लगेच बदलावेत, पण दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून किंवा मोबाइलवरून. बाधित संगणकावर टंकलेला नवा पासवर्डही चोराच्या हाती पडू शकतो. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पोहोचण्याआधी अडवता येते ती याच अवधीत.

ऑफलाइन स्कॅननेही संगणक स्वच्छ झाल्याची खात्री पटत नसेल, तर विंडोज नव्याने बसवणेच योग्य. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करावा आणि त्यावरून, जुनी डिस्क पूर्ण पुसून, विंडोज बसवावी. संगणक सुरू झाल्यावर फोटो परत आणण्याची घाई होते, ती आवरावी. आधी ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबत राहून सर्व अपडेट बसवावेत आणि ‘विंडोज सिक्युरिटी’तील हिरव्या खुणा पाहाव्यात. त्यानंतरच बॅकअपची डिस्क जोडावी, ती तपासून घ्यावी आणि तिच्यातून फक्त कागदपत्रे व फोटो परत घ्यावेत. प्रोग्राम मात्र बॅकअपमधून न आणता ज्याच्या त्याच्या मूळ संकेतस्थळावरून नव्याने उतरवावेत.